नदीतल्या माशांचे परजीवी जिवंतपणी कसे पाहावेत: नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

प्राणिशास्त्राच्या किंवा मत्स्यशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी ज्यांनी माशांमधील परजीवी हा विषय घेतला आहे, त्यांची पहिली अडचण बहुधा सारखीच असते. पुस्तकातील आकृती रंगवलेल्या, चपट्या केलेल्या आणि स्थिर नमुन्यावरून काढलेली असते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र पारदर्शक, हलणारे आणि सतत आकार बदलणारे काहीतरी दिसते, आणि या दोहोंचा मेळ लागत नाही. महाराष्ट्रातील नद्या व जलाशयांमधील गोड्या पाण्याचे मासे आणि महाविद्यालयात मिळणारा साधा संयुक्त सूक्ष्मदर्शक एवढ्यावर हे काम कसे सुरू करावे, ते मी स्वतः या वाटेने गेल्यामुळे येथे क्रमाने सांगत आहे. माझा आग्रह एकच आहे: परजीवी आधी जिवंत पाहावा, मग मारावा, मग रंगवावा. त्याची चाल, आतील पेशींची हालचाल आणि उत्सर्जन नलिकांमधील पापण्यांची, म्हणजे केसांसारख्या सूक्ष्म तंतूंची, फडफड या गोष्टी फॉर्मॅलिनमध्ये टाकलेल्या नमुन्यात पुन्हा कधीही दिसत नाहीत.

आणखी एक गोष्ट आरंभीच मनात पक्की करावी. एकही परजीवी नसलेला जंगली मासा ही दुर्मीळ बाब आहे. कल्ल्यांवर चार कृमी सापडले म्हणजे मासा आजारी होता, असा निष्कर्ष काढता येत नाही. संसर्ग आणि रोग या दोन वेगळ्या अवस्था आहेत, आणि अहवालात त्या वेगळ्याच लिहाव्यात.

१. परवानग्या आणि कागदपत्रे

मासे कोठून घेणार यावर कागदपत्रे अवलंबून असतात. राज्यातील बहुतेक जलाशयांत मासेमारीचा ठेका स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. त्यामुळे स्वतः जाळे टाकण्याऐवजी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना भेटून, विषय समजावून सांगून, पहाटे किनाऱ्यावर येणारे मासे विकत घेणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे. जायकवाडीचा नाथसागर पक्षी अभयारण्यही आहे. अशा ठिकाणी स्वतः नमुने गोळा करायचे असतील, तर वन विभागाची लेखी परवानगी आधी हातात हवी, कारण वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ तेथे लागू होतो. काही माशांच्या जातीही या कायद्याच्या अनुसूचींमध्ये आहेत, म्हणून आपण निवडलेली जात त्यांत नाही ना, हे पाहून घ्यावे.

सोबत ठेवायची कागदपत्रे अशी:
- विभागप्रमुखांचे प्रकल्पासंबंधीचे पत्र आणि स्वतःचे ओळखपत्र
- मच्छीमार संस्थेचे संमतिपत्र
- संरक्षित क्षेत्र असल्यास वन विभागाची परवानगी
- जिवंत मासे प्रयोगशाळेत ठेवून मारणार असाल, तर आपल्या संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मान्यता

शेवटचा कागद अनेकांना अनावश्यक वाटतो. मासा पृष्ठवंशी प्राणी आहे, आणि पुढे शोधनिबंध पाठवताना या मान्यतेची विचारणा हमखास होते. ती मागील तारखेने मिळत नाही.

२. साहित्य

फार खर्चाचे काही लागत नाही. चार, दहा आणि चाळीस पट भिंगांचा संयुक्त सूक्ष्मदर्शक, शक्य असल्यास विच्छेदन सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या, कव्हरस्लिप, बारीक चिमटे, टोकदार व बोथट अशा दोन कात्र्या, सुया, पेट्री डिश, ड्रॉपर, व्हॅसलीन, हातमोजे, लहान झाकणाच्या बाटल्या, मऊ पेन्सिल आणि जाड कागदाच्या चिठ्ठ्या. शाईने लिहिलेली चिठ्ठी अल्कोहोलमध्ये कोरी होते, म्हणून बाटलीच्या आत पेन्सिलनेच लिहिलेली चिठ्ठी टाकावी.

द्रावणांपैकी सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मिठाचे पाणी. गोड्या पाण्यातील माशांसाठी ०.६५ ते ०.७ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ०.६५ ते ०.७ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड. शरीराच्या आत राहणारे कृमी आणि माशाच्या पेशी साध्या पाण्यात टाकल्या, तर पाणी आत शिरून त्या फुगतात आणि फुटतात. त्वचेवरील व कल्ल्यांवरील परजीवींना मात्र नदीचेच पाणी मानवते. म्हणून मासे आणताना त्याच ठिकाणचे बाटलीभर पाणी भरून घ्यावे.

३. मासे आणणे

सुरुवात करायला मरळ, वाम, मागूर, शिवडा आणि चिलापी हे मासे चांगले. पहिल्या चारांमध्ये कृमींची विविधता मोठी असते, आणि चिलापी जवळजवळ सर्वत्र मिळतो.

मासा मेला की त्याच्यावरील सूक्ष्म परजीवी त्याला सोडू लागतात किंवा मरतात. त्यामुळे दुपारी बाजारातून आणलेल्या माशाच्या कल्ल्यांवर काही सापडले नाही, तर त्या नोंदीला अर्थ राहत नाही. मासा जिवंत आणावा. ते शक्य नसेल, तर प्रत्येक मासा स्वतंत्र पिशवीत घालून बर्फावर ठेवावा, गोठवू मात्र नये, आणि दोन तासांच्या आत कल्ले तपासावेत. दहा मासे एकाच बादलीत आणले, तर कोणता परजीवी कोणत्या माशाचा हे सांगता येत नाही, आणि सगळी आकडेवारी तेथेच निकामी होते. मरळ आणि मागूर हवेतून श्वास घेणारे असल्याने थोड्या पाण्यातही तग धरतात. मात्र त्यांच्या भांड्याला झाकण हवे.

मासा मारताना त्याला यातना होऊ नयेत. लवंग तेलाच्या अतिमात्रेत तो पूर्ण निश्चेष्ट झाल्यावर मेंदू सुईने नष्ट करावा. एका वेळी एकच मासा घ्यावा, बाकीचे जिवंत ठेवावेत.

४. सूक्ष्मदर्शक जुळवणे आणि जिवंत पेशीवर डोळा बसवणे

जिवंत, न रंगवलेली पेशी जवळजवळ पारदर्शक असते. नवशिका प्रकाश वाढवतो, आणि त्याला काहीच दिसत नाही. येथे उलटे करावे लागते: कंडेन्सर थोडा खाली घ्यावा आणि खालची झडप अरुंद करावी. तपशील थोडा कमी होतो, पण कडा उठून येतात. फेज कॉन्ट्रास्ट पद्धतीचा सूक्ष्मदर्शक मिळाला तर उत्तमच. फ्रिट्स झेर्निके यांना या पद्धतीसाठी १९५३ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि न रंगवता जिवंत पेशी स्पष्ट पाहण्याची मोठी सोय त्यामुळे झाली. जुन्या हॅलोजन दिव्याच्या उष्णतेने नमुना लवकर मरतो. एलईडी दिवा असल्यास तो वापरावा. कव्हरस्लिपच्या कडांना व्हॅसलीन लावले की काचपट्टी लवकर सुकत नाही.

मोजपट्टीचे काम पहिल्याच दिवशी उरकावे. स्टेज मायक्रोमीटरवर १ मिलिमीटरचे १०० भाग असतात, म्हणजे प्रत्येक भाग १० मायक्रोमीटरचा. चाळीसच्या भिंगाखाली नेत्रिकेतील १०० रेघा स्टेजच्या २५ भागांवर बसल्या, तर नेत्रिकेची एक रेघ २.५ मायक्रोमीटरची झाली. प्रत्येक भिंगासाठी हे स्वतंत्रपणे काढून सूक्ष्मदर्शकावरच चिकटवून ठेवावे. माप नसलेले छायाचित्र ओळख पटवण्यासाठी जवळजवळ निरुपयोगी असते.

परजीवी शोधण्याआधी एक-दोन दिवस निरोगी माशाच्या पेशी पाहण्यात घालवावेत. हा वेळ वाया जात नाही. चिलापीच्या पाठीवरचा एक खवला मिठाच्या पाण्यात ठेवून पाहिला, की फांद्या फुटलेल्या काळ्या रंगपेशी दिसतात. कव्हरस्लिपच्या एका कडेला साधारण ०.९ टक्के पोटॅशियम क्लोराइडचा थेंब सोडून दुसऱ्या कडेने टिपकागदाने जुने द्रावण ओढून घेतले, तर काही मिनिटांत फांद्यांमधील रंगकण पेशीच्या मध्याकडे सरकतात आणि काळी पेशी एका ठिपक्याएवढी दिसू लागते. पेशी आकसत नाही, आतले कण प्रवास करतात. पुन्हा सोडियम क्लोराइड दिले की रंग परत पसरतो. खवला काढल्यानंतरही त्यातील मज्जातंतूंची टोके काही काळ जिवंत राहतात, आणि पोटॅशियममुळे ती उत्तेजित होतात. म्हणून हे घडते. सजीव पेशी काय करते हे एकदा असे डोळ्यांनी पाहिले, की मेलेली आणि जिवंत यांतला फरक पुढे चटकन ध्यानात येतो.

माशाच्या तांबड्या रक्तपेशीही याच वेळी पाहून घ्याव्यात. त्या लंबगोल असतात आणि त्यांना केंद्रक असते. मानवी रक्ताची सवय असलेले विद्यार्थी त्यांनाच परजीवी समजतात.

५. त्वचा, पर आणि कल्ले

आधी नुसत्या डोळ्यांनी पाहावे. परांच्या मुळाशी दोऱ्यासारखे काही लोंबत असेल, तर तो बहुधा लर्निया, म्हणजे नांगरासारखे डोके स्नायूत रुतवून बसलेला कवचधारी प्राणी असतो. तो ओढून काढला की डोके आतच राहते. भोवतालचे मांस कापूनच तो काढावा. चपटी, सरपटणारी आर्ग्युलस, म्हणजे माशावरची ऊ, हात लागताच जागा सोडते, म्हणून तिला प्रथम पकडावे.

मग कव्हरस्लिपच्या कडेने डोक्याकडून शेपटीकडे हलकेच खरवडून बुळबुळीत थर घ्यावा, काचपट्टीवरच्या नदीच्या पाण्याच्या थेंबात मिसळावा आणि दहाच्या भिंगाखाली पाहावा. ट्रायकोडायना हा एकपेशीय पापणीधारी जीव बशीसारखा, स्वतःभोवती गरगर फिरत सरकणारा दिसतो. तो वरून दिसत असताना चाळीसच्या भिंगाखाली आतील दातेरी कडे स्पष्ट होते. इक्थिओफ्थिरियस हा दुसरा पापणीधारी जीव याहून बराच मोठा, संथपणे गडगडणारा असतो, आणि त्याचे घोड्याच्या नालेच्या आकाराचे केंद्रक ही त्याची खूण आहे. ही दोन्ही ओळख चालीवरून काही सेकंदांत होते. तेच जीव मेल्यावर दोन गोल डाग उरतात.

कल्ल्यांच्या प्रत्येक बाजूच्या चारही कमानी सुट्या करून, डावी-उजवी आणि क्रमांक लिहून वेगवेगळ्या डिशमध्ये ठेवाव्यात. अनेक एकयजमानी कृमी, म्हणजे एकाच माशावर सगळे जीवन काढणारे मोनोजेनिया गटातील कृमी, ठरावीक कमानीवर किंवा तंतूंच्या ठरावीक भागावरच बसतात, आणि ही माहिती कमानी एकत्र केल्या की हरवते. हे कृमी मागच्या टोकाच्या आकड्यांनी चिकटून, पुढचे टोक लांबवत चाचपडत असतात. डॅक्टायलोजायरसला चार डोळेठिपके असतात आणि तो अंडी घालतो. गायरोडॅक्टायलसला डोळेठिपके नसतात. तो पिल्लांना जन्म देतो, आणि जिवंत कृमीच्या पोटात पुढच्या पिढीचे आकडे स्पष्ट दिसतात. शिवड्याच्या कल्ल्यांवर थॅपरोक्लायडस मिळतो. हे नाव भारतीय कृमिशास्त्रज्ञ थापर यांच्या गौरवार्थ दिलेले आहे. जातीची ओळख आकडे आणि त्यांना जोडणाऱ्या पट्ट्या यांच्या मापांवर ठरते, म्हणून काही कृमी कव्हरस्लिपखाली हळूहळू पाणी टिपून घेत चपटे करावेत आणि आकडे एका पातळीत आल्यावर छायाचित्र घ्यावे. एकदम दाबले, तर आकडे फिरतात आणि मापे चुकतात.

६. रक्त

कल्ले सुटे करण्याआधी, मासा निश्चेष्ट असतानाच, हृदय चालू असताना, शेपटीच्या मुळाशी असलेल्या शिरेतून रक्ताचा लहानसा थेंब घेऊन मिठाच्या पाण्यात पातळ करावा. ट्रिपॅनोसोमा हा रक्तात पोहणारा एकपेशीय परजीवी असेल, तर तो स्वतः दिसण्याआधी आजूबाजूच्या रक्तपेशींना बसणारे धक्के दिसतात. म्हणून नजर हलणाऱ्या पेशींवर ठेवावी. माशांमध्ये तो जळूमार्फत पसरतो, त्यामुळे माशावर जळू आढळली असेल तर हा टप्पा कधीही गाळू नये. ट्रिपॅनोसोम हे जीव पहिल्यांदा माशाच्याच रक्तात दिसले होते: व्हॅलेंटिन यांनी १८४१ मध्ये ट्राउट माशाच्या ताज्या रक्तात ते पाहिले. संख्या कमी असताना ते थेंबात सापडत नाहीत. अशा वेळी केशनलिकेत रक्त घेऊन सेंट्रिफ्यूज करावे आणि तांबड्या पेशींच्या वरच्या सीमेवर, नळी न फोडता, शोधावे.

७. पोट उघडल्यावर

बोथट कात्रीने गुदद्वारापासून पुढे पोट उघडावे. टोकदार कात्री आतड्यात शिरली, की आतले कृमी पोटाच्या पोकळीत येतात आणि जागेची नोंद चुकते. यकृत, आतडे, वाताशय, मूत्रपिंड आणि जननग्रंथी मिठाच्या पाण्याच्या वेगवेगळ्या डिशमध्ये ठेवावेत. मरळ आणि वाम यांच्या जठराच्या शेवटी दोन आंधळ्या पिशव्या असतात. त्याही उघडाव्यात, कारण घाईत त्या राहून जातात.

वामच्या आतड्यात सेंगा हा पट्टकृमी पाहावा. त्याच्या डोक्यावर आकड्यांचा मुकुट आणि दोन खाचा असतात. तो ओढू नये. आतड्याचा तुकडा मिठाच्या पाण्यात तसाच ठेवला, तर बहुधा कृमी स्वतःहून पकड सोडतो. ओढल्यास डोके तुटते, आणि डोक्याविना पट्टकृमीची ओळख पटवणे फार कठीण होते. मागूरच्या आतड्यात लायटोसेस्टस मिळतो. त्याच्या शरीराला खंड नसतात, त्यामुळे नवशिके त्याला पर्णकृमी समजतात. मागूरमधील या गटातील एका जातीचे वर्णन मोघे यांनी १९२५ मध्येच केले होते. शिवड्याच्या वाताशयात आयसोपॅरॉर्किस हा मोठा, नुसत्या डोळ्यांना दिसणारा पर्णकृमी असतो. वाताशय उघडून न पाहता टाकून देणे ही फार सर्रास घडणारी चूक आहे.

मासा नेहमीच शेवटचा यजमान नसतो, हे येथे ध्यानात येते. मरळच्या मांसात किंवा पोटाच्या अस्तरावर पिवळसर दाणे सापडले, तर ते क्लिनोस्टोमम किंवा त्याच्या जवळच्या पर्णकृमीच्या डिंभांचे कोष असू शकतात. हा कृमी गोगलगाईतून माशात येतो आणि बगळ्यासारख्या पक्ष्याच्या तोंडात व घशात प्रौढ होतो. कोष सुयांनी अलगद फाडून डिंभ कोमट मिठाच्या पाण्यात सोडला, की पक्ष्याच्या शरीरासारखी ऊब मिळाल्याने तो जोमाने हालचाल करू लागतो, आणि चूषके व फांद्या असलेले आतडे स्पष्ट दिसते. आतड्याच्या पडद्यावर गुंडाळून बसलेले कॉन्ट्रासीकमचे डिंभही असेच पाणकावळ्यासारख्या मासेखाऊ पक्ष्याची वाट पाहणारे असतात. म्हणून जलाशयावर कोणते पक्षी आणि कोणत्या गोगलगाई दिसल्या, हेही वहीत लिहावे.

८. पांढऱ्या गाठी

कल्ल्यांवर, परांवर किंवा मूत्रपिंडात पांढरी गाठ दिसली, की ती फोडून तिच्यातील द्रव चाळीसच्या भिंगाखाली पाहावा. साधारण १० मायक्रोमीटरचे, एका टोकाला दोन नाशपतीच्या आकाराच्या कुप्या असलेले असंख्य बीजाणू दिसले, तर तो मिक्सोबोलस. शेपट्या असतील तर हेनेगुया. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा सौम्य थेंब दिल्यावर कुपीत गुंडाळलेला तंतू झटकन बाहेर येतो. हा तंतू जेलीफिशच्या दंशपेशीतील तंतूशी नाते सांगतो, कारण मिक्सोझोआ, म्हणजे मिक्सोबोलस व हेनेगुया यांचा गट, आता प्रोटोझोआत (एकपेशीय जीवांत) धरला जात नाही. ते अतिशय आकुंचित झालेले निडेरिया, म्हणजे जेलीफिशच्याच संघातील प्राणी, आहेत. २०२० मध्ये सामन माशातील हेनेगुयाच्या एका जातीत मायटोकॉन्ड्रियाचा जनुकसंचच नसल्याचे प्रसिद्ध झाले, आणि बहुपेशीय प्राण्यांविषयीची एक जुनी समजूत बदलावी लागली. जुन्या पाठ्यपुस्तकातून वर्गीकरण उतरवून घेताना या गटापाशी विशेष काळजी घ्यावी. आयोडीनचा थेंब दिल्यावर मिक्सोबोलसच्या बीजाणूत तपकिरी डाग उमटतो, तोही नोंदवावा.

मरळच्या अंगावर खोल व्रण असतील, तर व्रणाच्या कडेचे मांस दोन काचपट्ट्यांमध्ये दाबून पाहावे. रुंद, आडपडदे नसलेले तंतू दिसल्यास ॲफॅनोमायसिस या बुरशीसारख्या जीवामुळे होणाऱ्या व्रणरोगाची शंका घ्यावी आणि मत्स्यव्यवसाय विभागाला कळवावे. हा रोग भारतात १९८८ मध्ये आला, आणि मरळ त्याला लवकर बळी पडतो.

९. फसवणारे देखावे

हवेचे बुडबुडे आणि तेलाचे थेंब यांची कडा जाड, काळी आणि अगदी नियमित असते. नर माशाच्या जननग्रंथीतून सांडलेले शुक्राणू पाण्यात वेगाने पोहतात आणि कशाभिकाधारी (चाबकासारख्या शेपटीने पोहणारे) परजीवी वाटतात. अगदी लहान कण जागच्या जागी थरथरतात, ती ब्राउनी हालचाल असते. जिवंत जीव जागा आणि दिशा बदलतो. आतड्यातील अर्धवट पचलेल्या डासांसारख्या कीटकांच्या अळ्या कृमी म्हणून वहीत शिरतात. डोक्याचे कठीण कवच आणि जबडे पाहिले की उलगडा होतो. मासा मरून बराच वेळ झाला असेल, तर पाण्यातील मुक्त पापणीधारी जीव त्याच्यावर जमा होतात. ते परजीवी नव्हेत.

१०. जतन

जिवंत निरीक्षण, चित्र आणि शक्यतो चित्रफीत झाल्यावरच जतनाकडे वळावे. पट्टकृमी व पर्णकृमी उकळीच्या जवळ आलेल्या मिठाच्या पाण्यात टाकले, की शिथिल आणि सरळ अवस्थेत मरतात. मग ते फॉर्मॅलिनमध्ये किंवा ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावेत. थंड फॉर्मॅलिनमध्ये टाकलेला कृमी आकसतो आणि त्याची मापे फसवी ठरतात. काटेरी डोक्याचे कृमी काही तास थंड ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवावेत, म्हणजे सोंड पूर्ण बाहेर येते आणि आकड्यांच्या ओळी मोजता येतात. येथे साध्या पाण्याने फुगणे आपल्याला हवेच असते. गोलकृमी गरम ७० टक्के अल्कोहोलमध्ये सरळ होतात. डीएनए तपासणीचा विचार असेल, तर काही नमुने फॉर्मॅलिनचा स्पर्शही होऊ न देता ९५ टक्के अल्कोहोलमध्ये स्वतंत्र ठेवावेत.

११. नोंदी

प्रत्येक माशासाठी एक पान: तारीख, ठिकाण, जात, लांबी, वजन, लिंग, मृत्यूनंतर किती वेळाने तपासला, आणि प्रत्येक अवयवात काय मिळाले. काहीच न मिळालेल्या माशाचे पानही तेवढ्याच काळजीने लिहावे. समजा २० मासे तपासले, त्यांतील ५ माशांत मिळून ४० कृमी सापडले. तर प्रादुर्भाव २५ टक्के, बाधित माशामागे सरासरी तीव्रता ८ आणि एकूण माशांमागे सरासरी विपुलता २. या संज्ञा बुश आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये निश्चित केलेल्या अर्थानेच वापराव्यात. तीव्रता आणि विपुलता यांची अदलाबदल झालेले तक्ते तुलनेसाठी वापरता येत नाहीत. जातीची खात्री नसेल, तर वंशापर्यंतच नाव लिहावे. नवी जात वाटणारा नमुना असल्यास पुण्यातील भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राशी संपर्क साधावा.

१२. हात, जाळी आणि उरलेले पाणी

माशाच्या काट्याने झालेल्या जखमेतून जिवाणूंचा संसर्ग होतो, म्हणून हातमोजे घालावेत आणि जखम लगेच साबणाने धुवावी. तपासलेला मासा खाण्यासाठी देऊ नये. घरच्यांनी विचारले, तर त्यांना सांगावे की नीट शिजवलेल्या माशातील कृमी मरतात; धोका कच्च्या किंवा अर्धकच्च्या माशात असतो.

एका जलाशयातील पाणी, जळवा, गोगलगाई किंवा जिवंत मासे दुसऱ्या जलाशयात कधीही सोडू नयेत. नॉर्वेच्या नद्यांमध्ये १९७० च्या दशकात बाहेरून आणलेल्या माशांबरोबर गायरोडॅक्टायलस सॅलॅरिस पोहोचला, आणि तेथील सामन माशांचा इतका ऱ्हास झाला की काही नद्यांमधील सगळे मासे औषधाने मारून पुन्हा सुरुवात करावी लागली. जाळी व बादल्या दोन ठिकाणांच्या मध्ये कडक उन्हात पूर्ण वाळवाव्यात, उरलेले पाणी ब्लीचिंग पावडर टाकून जमिनीवर, जलाशयापासून दूर ओतावे, आणि माशांचे अवशेष कुत्र्या-पक्ष्यांना मिळणार नाहीत एवढे खोल पुरावेत.